उसानं मोडलेला जबडा

कंपनीचा मेल आला तेव्हा माझ्या हातात चपातीचा घास होता. मेल दोन ओळींचा. दातांचे उपचार या पॉलिसीत बसत नाहीत, सबब कॅशलेस नामंजूर. मी घास डब्यात परत ठेवला. वरच्या मजल्यावर चार नंबरच्या कॉटवर उचगावच्या पारुआक्का तोंडाला टॉवेल लावून बसल्या होत्या, आणि त्यांना तीन दिवसांत भाताच्या पेजेपलीकडे काही गिळता आलं नव्हतं.

बेळगावातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात मी इन्शुरन्स डेस्क सांभाळते. अकरा वर्षं झाली. बिलिंगच्या काउंटरशेजारी माझी खुर्ची, समोर काच, काचेला खाली एक अर्धगोल भोक. त्या भोकातून लोक कागद सरकवतात आणि वाकून आपली कर्मकहाणी सांगतात. माझं काम सांगायला सोपं आहे. पेशंटकडं विमा असेल तर त्याचे कागद कंपनीला पाठवायचे आणि मंजुरी आणायची. मंजुरी आली की कंपनी परस्पर हॉस्पिटलला पैसे देते, पेशंटला खिशात हात घालावा लागत नाही. यालाच कॅशलेस म्हणतात. कंपनी मात्र आमच्याशी थेट बोलत नाही. मध्ये टीपीए नावाची एक मंडळी असते. सोयरीक जुळवताना मध्यस्थ असतो ना, तसं. फक्त हा मध्यस्थ नेहमी मुलीकडच्यांच्याच चुका काढतो.

या सगळ्यात सगळ्यात जास्त भांडणं होतात ती दातांवरून. लोकांना वाटतं, आरोग्य विमा काढला म्हणजे डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत सगळं आलं. कंपनीच्या लेखी दात हा शरीराचा भागच नसतो, हौसेचा भाग असतो. रूट कॅनाल नाही, कॅप नाही, कवळी नाही, साफसफाई नाही. दातांसाठी वेगळ्या पॉलिसी असतात म्हणे, पण आमच्या काउंटरवर त्या मी क्वचितच पाहिल्या. एकच खिडकी उघडी असते. अपघात झाला, त्यात जबड्याला किंवा दातांना मार लागला आणि त्यासाठी हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं, तर कंपनी विचार करते. म्हणून फॉर्ममध्ये 'काय झालं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. डॉक्टर मंडळी त्याला हिस्ट्री म्हणतात. पेशंट सांगतो ती हिस्ट्री.

पारुआक्कांच्या फॉर्ममध्ये मी स्वतःच्या हातानं टाईप केलं होतं: ऊस सोलून खाताना समोरचे दात मोडले.

आता ती चूक माझीही होती, हे आधीच कबूल करते. डॉक्टरांच्या कागदावर होतं ते मी उतरवलं आणि पाठवून दिलं. दिवसाला पंधरा-वीस फॉर्म जातात, हात आपोआप चालतो. नामंजुरी आल्यावर मी फाईल उघडून नीट बघितली. निदानाच्या जागी लिहिलं होतं, जबडा दोन ठिकाणी मोडलेला. ऊस खाताना जबडा दोन ठिकाणी? मी डबा बंद केला आणि फाईल घेऊन डॉक्टर हिरेमठांच्या केबिनकडं गेले.

डॉक्टर हिरेमठ आमचे जबड्याचे सर्जन. माणूस शांत, घरी कन्नड, पेशंटशी मराठी, नर्सशी दोन्ही मिसळून. त्यांनी ओपीजी दिव्यावर लावला. ओपीजी म्हणजे मशीन डोक्याभोवती फिरवून काढलेला एक्स-रे, त्यात सगळा जबडा एका पट्टीवर उलगडून दिसतो. त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. एक चीर हनुवटीजवळ, दुसरी डाव्या कानाखाली, जिथं जबडा कवटीला अडकतो तिथं.

"माणूस हनुवटीवर आपटला की असंच होतं," ते म्हणाले. "धक्का हनुवटीला बसतो, हाड कानापाशीही मोडतं. ऊस खाऊन असं होत असतं तर आपल्या भागात एकाचाही जबडा शाबूत राहिला नसता."

"मग तुम्ही ऊस कसा लिहिलात, सर?"

"तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ऊस म्हणाल्या. पेशंट सांगतो ते लिहायचं, माझ्या मनातलं नाही."

ऑपरेशनला किती दिवस थांबता येईल, असं मी विचारलं. त्यांचं म्हणणं, आणखी आठवडाभर, त्यापुढं हाड वाकडंच जुळायला लागतं. वरचे आणि खालचे दात तारेनं बांधून सहा आठवडे तोंड बंद ठेवायचा स्वस्तातला उपाय असतो, पण तार बांधायला दात तरी पाहिजेत. आक्कांच्या दाढा आधीच गेलेल्या, पुढचे चार दात या प्रकरणात गेले. प्लेट आणि स्क्रू बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाही बसवले तर तोंड पुरतं उघडणार नाही, जन्मभर पातळ खाऊन राहायचं. शेतात राबणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईला पातळ खाऊन राहा म्हणणं म्हणजे काय, हे मला वेगळं समजावून सांगायला नको होतं.

त्याचं कारण माझी आई. आई निपाणीत विड्या वळायची. तिची एक दाढ दुखायला लागली तेव्हा डॉक्टरनं वाचवायचा खर्च सांगितला आणि उपटायचा खर्च सांगितला. उपटणं स्वस्त होतं. पुढं प्रत्येक दाताला तिनं तोच हिशेब लावला. सात दात तिनं असे स्वस्तात घालवले आणि शेवटची कितीतरी वर्षं भाकरी चहात बुडवून खाल्ली. मला त्या गोष्टीचा अजून राग येतो. कुणावर येतो ते सांगता येत नाही, पण येतो.

खाली आले तर काचेपलीकडं आक्कांचा मुलगा महादेव उभा. बेळगावातल्या एका कारखान्यात मशीनवर आहे. कारखान्याची ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या कामगारांना मिळून एकच विमा, आणि त्यात आई-वडील धरलेले. म्हणून आक्कांचा नंबर लागला होता. मी त्याला नामंजुरी सांगितली. ऑपरेशनचा अंदाज एक लाख दहा हजार होता, तो त्याला आधीच माहीत होता. त्यानं काचेवर टेकवलेला हात काढून घेतला.

मी म्हणाले, "हे बघा महादेव, हा अपघात असता तर मिळालं असतं. उसाला कंपनी पैसे देत नाही."

"अपघात असता तर मिळालं असतं," तो माझंच वाक्य हळू म्हणाला. मग विचारलं, "किती दिस हाईत आपल्याकडं?"

"आठवडाभर म्हणतात डॉक्टर."

तो मान हलवून मोबाईल काढत बाहेर गेला. मला वाटलं, कुणाकडं तरी उसने मागायला गेला असेल.

तेवढ्यात आमचे बिलिंग मॅनेजर मागून आले. त्यांना नामंजुरीचा वास आधी येतो. म्हणाले, डिपॉझिट भरून घ्या, नाहीतर डिस्चार्ज करा. मी म्हटलं, फेरविचाराला पाठवते. कंपनीनं नाही म्हटल्यावर नवीन कागद जोडून पुन्हा विचारता येतं. त्यांनी विचारलं, नवीन कागद कुठला? मी म्हटलं, अजून नाही, पण असायला पाहिजे. ते म्हणाले, "नोडोण." म्हणजे बघू. आमच्या हॉस्पिटलात 'नोडोण'चा अर्थ असतो, दोन दिवस देतो, पुढं तुम्ही आणि तुमचं नशीब.

दुपारी भेटायची वेळ संपल्यावर, वॉर्डात नातेवाईक नसताना, मी वर गेले. आक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. हनुवटीवर चार टाके. ते आमच्याकडचे नव्हते, आधीच कुणीतरी घातलेले होते. लेकीकडं निपाणीला गेलेल्या असताना तिथं ऊस खाल्ला, साल लागून हनुवटी चिरली आणि तिथंच टाके घातले, असं फाईलमध्ये होतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरचा कागद मागितला तर हरवला म्हणून सांगितलेलं.

मी स्टूल ओढून बसले. त्यांनी मला विचारलं, कुठली म्हणून. बोलताना टॉवेल तोंडावर धरायच्या, शब्द अर्धे गिळले जायचे.

"निपाणीची," मी म्हणाले.

निपाणी म्हटल्यावर उचगावची बाई एरवी चार ओळखी काढते, कुणाची कोण म्हणून विचारते. यांनी मान खाली घातली. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. दोन्ही तळहात खरचटलेले, वर खपली धरलेली.

मी म्हणाले, "आक्का, उसानं हात खरचटत न्हाईत."

त्यांनी तळहात पदराखाली लपवले. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि टॉवेलाच्या आडून सगळं बाहेर आलं. मी ते जुळवून सांगते.

त्यांची लेक निपाणीत दिलेली, सातवा महिना चाललेला. आक्का तिला बघायला गेल्या होत्या. परतताना जावई, संजय त्याचं नाव, त्यांना मोटरसायकलवरून बसस्टँडवर सोडायला निघाला. आक्का मागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर लेकीनं दिलेली पिशवी, दोन्ही हात पिशवीला. धरायला हात मोकळा नाही. स्पीडब्रेकर संजयला दिसला नाही. गाडी उडाली, आक्का तोंडावर रस्त्यावर. संजयनं त्यांना तिथल्याच एका दवाखान्यात नेलं, टाके घालून घेतले आणि बेळगावला घेऊन येतो म्हणाला. आक्कांनी त्याला येऊ दिलं नाही. एकट्या एस.टी.त बसल्या आणि बेळगाव येईपर्यंत वाटेत उसाची गोष्ट रचली.

का, तर महादेव. वर्षापूर्वी हाच संजय याच गाडीवरून लेकीला घेऊन येताना घसरला होता. थोडक्यावर निभावलं, पण महादेवनं त्याला चार माणसांत वाट्टेल ते बोलून घेतलं. जावयाला! आमच्याकडं जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा दोन हातांनी देतात. पुढं सहा-सात महिने बोलणं बंद. गणपतीत लेकीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा कुठं दोघं एका ताटाशेजारी बसले.

"आता परत त्येच झालं," आक्का म्हणाल्या. "त्याला कळलं तर सोडंल व्हय? लेकीचं दिस भरत आल्यात. माझा जबडा वाकडा ऱ्हाऊ दे, बाई. घर वाकडं व्हायला नगं."

मी चिडले. पेशंटवर चिडू नये, पण मी चिडले. म्हटलं, तुमच्या जबड्याचं तुम्हाला काही नाही, पण मुलगा तुमच्यासाठी पैसे गोळा करायला गेलाय त्याचं काय? तुम्ही ऊस म्हणालात म्हणून कंपनी नाही म्हणाली. पडल्या असं सांगितलं असतं तर आज तुमचं ऑपरेशन लागलं असतं. त्यांनी माझा हात धरला आणि महादेवला सांगणार नाही असं वचन मागितलं. वचन द्यायला नको होतं, पण तो खरचटलेला हात बघून माझ्यानं नाही म्हणवेना. मीही सांगणार नाही म्हणाले. फक्त एवढं म्हटलं, की मी खोटंही लिहिणार नाही. तुम्ही सांगेपर्यंत कागद इथंच थांबेल.

जिना उतरताना मला समजत नव्हतं की मी काय करून बसले. खरं कळलं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस्क उघडलं तर काचेच्या बाजूला, ओळीत नाही, खांबाला टेकून एक तरुण उभा. हातात शहाळ्यांची पिशवी. वर वॉर्डात जाईना आणि काउंटरवरही येईना. समोरची गर्दी सरल्यावर तो भोकापाशी वाकला.

"मॅडम, अपघात असला तर इन्शुरन्स मिळतंय काय?"

मी त्याच्याकडं बघितलं. "तुम्ही कोण?"

"पारुबाईंचा जावई. निपाणीचा." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "गाडी मी चालवत हुतो."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत गाडीचं आर.सी., लायसन, आणि त्यांच्यामध्ये चारपदरी घडी घातलेला एक कागद. निपाणीच्या दवाखान्याचा. त्यावर तारीख, वेळ, आणि स्वच्छ लिहिलेलं: दुचाकीवरून पडल्या, मागे बसलेल्या, हनुवटीला जखम, चार टाके, जबड्याचा एक्स-रे करून घ्यावा. मी तो कागद दोनदा वाचला. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत कुठल्याही कागदाचा मला इतका आनंद झालेला नाही.

पण आनंद चेहऱ्यावर न दाखवता मी त्याला पुढचं सांगितलं. रस्त्यावरचा अपघात म्हणजे हॉस्पिटलनं एमएलसी करावी लागते. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवल्याची नोंद. कळवलं म्हणजे लगेच बेड्या पडत नाहीत, पण ते येतात, जबाब घेतात. आमच्या भागात याच एका गोष्टीला भिऊन निम्मे अपघात बाथरूममध्ये होतात. मोटरसायकलवरून पडलेला माणूस दवाखान्यात आला की बाथरूममध्ये घसरलेला असतो. आणि दुसरं, विमा महादेवच्या नावावर आहे. अर्जावर त्याची सही लागेल. म्हणजे त्याला सांगावं लागेल.

संजयनं मान डोलावली. "पोलिस येऊ देत, मॅडम. चार दिस झालं, अन्न गोड लागंना. महादेव अण्णाचा काल फोन आलता. म्हणाला, अपघात असता तर मिळालं असतं. दोनदा म्हणाला. रातभर डोळा लागला न्हाई."

मी महादेवला फोन करून बोलावलं. कामावर जायच्या तयारीत होता, तसाच आला. दोघांना मी डेस्कमागच्या छोट्या खोलीत बसवलं, जिथं आम्ही जुन्या फाईली ठेवतो. संजय बसला नाही. त्यानं कागद महादेवच्या हातात दिला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. मी दारात थांबले. खरं सांगायचं तर वॉचमन कुठं आहे ते आधी बघून ठेवलं होतं.

महादेवनं कागद वाचला. घडी घातली. खिशात ठेवला.

"मला म्हाईत हुतं," तो म्हणाला.

संजय आणि मी, दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो.

"आई आली त्याच दिशी. पदराला डांबर, दोनी हात खरचटल्यालं. आन् वर म्हणती ऊस खाल्ला. ऊस काय डांबरावर पडून खात्यात?" त्यानं खिशातल्या कागदावर हात ठेवला. "पर तिनं यवढं रचून सांगितलं, तिला खोटं कसं पाडू? आन् मी इचारलं असतं तर तिला वाटलं असतं, हा आता दाजींच्या अंगावर जातोय. मागच्या टायमाला मी जास्तच बोललो हुतो. म्हणून म्हटलं, दाजीच सांगत्याल. म्हणून तर काल फोनवर दोनदा म्हटलं."

संजयनं तोंडावर हात धरला. तो रडतोय की हसतोय हे मला कळेना. बहुधा दोन्ही.

मग महादेवनं विचारलं, "गाडी कुठाय?"

"भायेर लावलीया."

"किल्ली द्या, दाजी."

संजयनं किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"बाळ हुईस्तवर गाडी माझ्याकडं ऱ्हाईल. तुमी एस.टी.नं जावा."

"व्हय, अण्णा," संजय म्हणाला. किल्ली गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर औषधालाही नव्हतं.

भांडण झालं ते एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथं तिघांसाठी चहा मागवला. आक्का, महादेव, संजय, तिघंही खरं जाणत होते, आणि एकमेकांपासून लपवत होते. माहीत नव्हतं ते फक्त कंपनीला, आणि नेमकं तिलाच माहीत असायला हवं होतं.

आता कागदांचं काम. इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण लोक हमखास चुकतात. आधी लिहिलेली हिस्ट्री खोडायची नसते. खोडाखोड दिसली की संपलं. मॅनेजर म्हणालेच, ते पान बदलून टाका ना. मी म्हटलं, पान राहील, ऊसही राहील, त्याच्याखाली नवीन लिहू. डॉक्टर हिरेमठांनी आक्कांचा नवा जबाब घेतला, आज तारीख अमुक, पेशंट आता असं सांगतात, आणि खाली आपलं मत लिहिलं की एक्स-रेमधली मोड पडण्याच्या माराशी जुळते. आक्कांनी सही करायच्या आधी महादेवकडं बघितलं. तो म्हणाला, "कर गं सही. उसाचं पुराण बास झालं." त्या त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग टॉवेल तोंडावर घेऊन इतक्या हसल्या की जबडा दुखला आणि नर्स ओरडली.

एमएलसी झाली. हवालदार आले, जबाब घेतले, तक्रार कुणाचीच नाही असं लिहून निपाणीला पाठवून दिलं. मी दवाखान्याचा कागद, एक्स-रे, दोन्ही जबाब, डॉक्टरांचं मत, संजयचं लायसन असं सगळं एकत्र करून फेरविचाराला पाठवलं.

तासाभरात टीपीएच्या डॉक्टरांचा फोन. आवाजावरून माणूस तरुण आणि कंटाळलेला.

"मॅडम, आधी ऊस, आता बाईक. उद्या काय, विमान?"

"सर, ओपीजी उघडलाय का तुम्ही?"

"बघतो. पण हिस्ट्री बदललीय. क्लेम नामंजूर झाल्यावर बदललीय. आम्ही काय समजायचं?"

त्याचं चूक नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी म्हणाले, "निपाणीच्या कागदाची तारीख बघा, सर. तो तुमच्या नामंजुरीच्या तीन दिवस आधीचा आहे. त्या दिवशी यांना विम्याचं डोक्यातही नव्हतं. बाईनं खोटं सांगितलं ते पैसे मिळवायला नाही, जावयाला वाचवायला. खोटं बोलून तिनं स्वतःचंच नुकसान केलंय."

फोनमधून माऊसच्या खटखटीचा आवाज आला. मग म्हणाला, माणूस पाठवतो.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा तपासनीस आला. त्यानं तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. निपाणीच्या दवाखान्यात जाऊन रजिस्टर बघितलं, तो स्पीडब्रेकरही बघून आला. त्याच्या छापील यादीत एक प्रश्न सगळ्यांना विचारायचाच असतो, अपघाताच्या वेळी पेशंटनं दारू घेतली होती का. त्यानं तो आक्कांना विचारला. आक्का म्हणाल्या, "चा बी नीट पिऊ दिला न्हाई लेकीनं, यस्टी चुकंल म्हणून." त्यानं 'नाही' असं लिहून घेतलं.

मध्ये रविवार आला. रविवारी कंपन्या झोपतात, हाडं झोपत नाहीत. डॉक्टर हिरेमठ रोज सकाळी जाताना काचेवर टकटक करून भुवया उंचावायचे आणि मी मान हलवायचे. सोमवारी दुपारपर्यंत काही नाही. मॅनेजर दोनदा येऊन 'नोडोण' न म्हणता नुसतेच उभे राहून गेले. साडेतीनला मेल आला. या वेळी मी घास खाली ठेवला नाही, कारण सकाळपासून घासच घेतला नव्हता. मंजूर. जबड्याचं ऑपरेशन, प्लेट, भूल, खोलीचं भाडं, सगळं मंजूर. गेलेल्या चार दातांच्या जागी बसवायचे दात मात्र नामंजूर, ते कृत्रिम म्हणून वगळलेले. मी जिने चढत वर गेले. लिफ्ट होती, पण ती यायची वाट बघायला मला जमलं नसतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. हाड सरळ बसलं. बाहेर आल्यावर डॉक्टर हिरेमठांनी काचेवर टकटक केली आणि या वेळी भुवया न उंचावता अंगठा दाखवला. महादेवनं मला शहाळं आणून दिलं. कुणी आणलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "दाजींनी. एस.टी.नं आल्यात."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मार्चमध्ये लेकीला मुलगा झाला. महादेव स्वतः गाडी चालवत निपाणीला गेला, बारशात किल्ली परत दिली आणि तिच्याबरोबर दोन हेल्मेट. उरला प्रश्न दातांचा. कवळीचा खर्च कंपनी देणार नव्हती आणि आक्का म्हणत होत्या, या वयात कशाला. माझ्या आईचंच वाक्य. पण यंदा अधिक महिना आला, धोंड्याचा महिना. या महिन्यात सासरचे जावयाला बोलावतात, जेवू घालतात, वाण देतात. संजय आला, जेवला, आणि वाणाचं ताट समोर आल्यावर म्हणाला, यंदा मी घेणार नाही, यंदा मी देणार. सासूला डॉक्टरांकडं घेऊन गेला आणि कवळीचं माप देऊन आला. अख्ख्या उचगावात चर्चा झाली, की जावयानं सासूला दात दिले.

परवा आक्का तपासणीला आल्या तेव्हा कवळी बसली होती. माझ्या काचेपाशी येऊन त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "नातवाच्या आदी मला दात आलं," म्हणाल्या. मी त्यांना बाकावर बसवलं आणि समोरचा पेशंट घेतला.

मी अलीकडं एक सवय लावून घेतली आहे. कुणी बाथरूम म्हटलं की एक्स-रे उघडते, आणि पेशंटला एकट्याला भेटते. त्या दिवशीही काचेपुढं एक तरुण बाई होती, नवऱ्याचं मनगट मोडलेलं. मी विचारलं, कसं मोडलं? ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. नवऱ्याच्या पँटच्या गुडघ्याला भोक होतं आणि भोकात खडी अडकलेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"बाय, खरं सांग," पारुआक्का म्हणाल्या. "हितं ऊस चालत न्हाई."